जुनी मोटार आणि विकणाऱ्याचे मौन

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा भाचा पुण्याहून पाथरीस आला, तो एक विलक्षण बेत मनात घेऊनच. त्यास मोटार घ्यावयाची होती. मोटार घेणे ही गोष्ट विलक्षण वाटण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. परंतु ह्यास हवी होती ती जुनी, आणि जुन्यांतही अशा जातीची की, जिचे धातूचे छत कळ दाबताच तुकड्यातुकड्यांनी दुमडून पाठीमागच्या डिकीत जाऊन बसते. इंग्रजीत ह्या जातीस हार्डटॉप कन्व्हर्टिबल असे नाव आहे. आमच्या पाथरीचा पारा मे महिन्यात ४२ अंशांवर जातो, कल्याण-निर्मल मार्गावर मालमोटारींचा धुरळा दिवसभर उडत असतो, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना डोळे उघडे ठेवण्याचीही पंचाईत पडते. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाच्या भाच्याने छत उघडावयाचे ते कशासाठी, असा सरळ प्रश्न आमच्या घरातून आला. “मामी, गाडी पुण्यात चालवायची आहे, पाथरीत नाही,” एवढे उत्तर देऊन त्याने तो विषय संपविला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, “मामा, तुम्ही माझ्याबरोबर चला. गाडीचं मी बघतो, तुम्ही माणूस बघा.”

आम्ही महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवितो, म्हणून आम्हांस माणसे कळतात असा त्याचा ग्रह झाला असावा. तो आम्ही दूर केला नाही. दुसऱ्याचा आपल्याविषयीचा चांगला ग्रह दूर न करण्याची ही सवय किती दूरवर नेते, हे पुढे सांगावयाचेच आहे.

वाटेत भाच्याने ह्या जातीच्या मोटारींचा पूर्वेतिहास सांगितला. ज्याने धातूचे छत मोटारीच्या पोटात लपविण्याची युक्ती प्रथम व्यवहारात आणली, तो जॉर्ज पोलँ हा फ्रेंच गृहस्थ व्यवसायाने दंतवैद्य होता. त्याच्या कल्पनेवरून १९३४ साली प्यूजो कारखान्याने अशी मोटार काढली. पुढे महायुद्धात तो जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत पडला आणि १९४२ साली नाझींनी त्यास गोळ्या घातल्या. अमेरिकेत फोर्डने १९५७ ते १९५९ अशी तीन वर्षे हा प्रयोग केला आणि सोडून दिला. १९९६ साली मर्सिडीझने तो पुन्हा उचलला, तेव्हापासून पंधरावीस वर्षे अशा मोटारींचा सुकाळ होता. अलीकडे वजन आणि जागा ह्यांच्या हिशेबाने बहुतेक कारखाने पुन्हा कापडी छताकडे वळले आहेत. तेव्हा ज्यास ही हौस आहे, त्यास बहुधा दुसऱ्याने वापरलेलीच घ्यावी लागते.

पुण्यात कोथरूडकडील एका बंगल्यात ती दोन आसनांची जर्मन मोटार उभी होती. मालक एक निवृत्त गृहस्थ, वयाने आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. भाच्याने नमस्कार केला आणि लगेच कामास लागला. त्याची परीक्षा आम्ही सुमारे दोन तास पाहत होतो, आणि ती पाहण्यासारखी होती हे कबूल केले पाहिजे.

प्रथम इंजिन थंड असताना त्याने छत उघडले व मिटले. मग मोटार अर्धा तास फिरवून, इंजिन तापल्यावर, पुन्हा तीन वेळा तोच प्रकार. छत हलविणारा पंप तेलाच्या दाबावर चालतो. तो धापा टाकतो की काय, छताचे तुकडे दोन्ही अंगांनी सारख्याच वेगाने उतरतात की एक बाजू मागे रेंगाळते, मध्येच थबकतात की काय, हे तो कान आणि डोळे लावून पाहत होता. डिकीतील गालिचा उचलून त्याखाली पंपाच्या तेलाचे डाग शोधले. छत जेथे काचेस टेकते तेथील रबरी पट्ट्या बोटांनी चाचपल्या. ऊन लागून रबर कडक झाले, त्यास भेगा पडल्या, की पाणी आत आलेच. पावसाचे पाणी खाली वाहून जावे म्हणून अशा मोटारीस कोपऱ्याकोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या म्हणजे पाणी आत साचते आणि नेमके तेथेच विजेच्या तारा आणि यंत्रे असतात. म्हणून पायाखालच्या चटया काढून त्याने खालचा थर दाबून पाहिला आणि, आम्हांस थोडे हसू आले, वाकून त्याचा वासही घेतला. मग बागेतील नळी मागून घेऊन बंद छतावर पाच मिनिटे पाणी सोडले आणि स्वतः आत जाऊन बसला. खडबडीत रस्त्यावर नेऊन छत खडखडते का ऐकले. छत नसलेल्या मोटारीचा सगळा ताठपणा तळाच्या सांगाड्यात असतो, म्हणून अपघातानंतर सांधलेली मोटार ह्या जातीत अधिक धोक्याची. त्यासाठी दारे आणि अंग ह्यांमधील फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत की नाहीत हे त्याने मोजले. शेवटी कागदपत्रे: सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, विम्याची भरपाई पूर्वी कधी मागितली होती काय.

हे पाहताना आम्हांस नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा आठवली. खंडोबाच्या त्या यात्रेत लहानपणी आम्ही वडिलांचे बोट धरून बैलांच्या बाजारातून हिंडलो आहोत. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, हे जबडा उघडून पाहत. खांद्यावर जुवाची गाठ आहे का हे हाताने चाचपत. चालवून पाहत, जुंपून पाहत. मारका बैल ओळखू येतो. पण बसका, म्हणजे नांगर अर्ध्या तासावर आला की खाली बसणारा, हा ओळखू येत नाही, आणि हेडी तर तो कधीच सांगत नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल ही म्हण ज्यांनी केली, त्यांस जुन्या मोटारीविषयी नवे काही शिकावे लागले नसते. दंतवैद्याने काढलेल्या मोटारीची परीक्षाही शेवटी दातांपासूनच सुरू व्हावी, हा योग मौजेचा खरा.

परीक्षा संपली. भाच्यास दोष सापडला नव्हता. तो पैशांचे बोलणे काढणार, इतक्यात ते गृहस्थ म्हणाले, “एक सांगायचं राहिलं. मोठा पाऊस लागून राहिला की डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकतं. नळीनं पाच मिनिटांत ते दिसत नाही. आणि पंप एकदा दुरुस्त केलेला आहे. त्याचं बिल आहे माझ्याकडे.”

वाचकांस वाटेल की, भाच्याने त्यांचे हात धरून आभार मानले असतील. त्याने विचार करून सांगतो म्हटले, आणि बाहेर पडताच आम्हांस विचारले, “मामा, हा माणूस एवढं आपण होऊन सांगतोय, तर न सांगितलेलं किती असेल?” त्याने ती मोटार घेतली नाही. आम्ही माणूस पाहावयास गेलो होतो. आमचे मत त्याने विचारले, तेव्हा “तुझ्या पैशाचा प्रश्न आहे,” असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

भाच्याच्या ह्या संशयास अर्थशास्त्रात मोठी प्रतिष्ठा आहे. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन पंडिताने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: मोटारीचे खरे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात, म्हणून घेणारा सरासरीचा भाव देऊ करतो. चांगली मोटार असणाऱ्यास तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे वाईट मोटारी उरतात, सरासरी आणखी खाली येते, आणि असे होत होत बाजारच बसतो. कोथरूडचे ते गृहस्थ बाजारातून निघून जाणाऱ्यांपैकी होते. त्यांनी एक वाक्य अधिक उच्चारले आणि त्याची किंमत मोजली.

तेव्हा प्रश्न असा की, ते वाक्य उच्चारण्यास ते बांधलेले होते काय?

आपला कायदा ह्यावर बराच स्पष्ट आहे, आणि त्याचे उत्तर आहे: सामान्यतः नाही. १९३०चा मालविक्रीचा कायदा काही अपवाद सांगून मुळात ग्राहकानेच सावध राहावे ह्या जुन्या तत्त्वावर उभा आहे. ग्राहकास संरक्षण देणारा १९८६चा जुना कायदा मुख्यतः धंदा करणाऱ्यास धरीत असे, आणि त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदाही त्यासच धरतो. एका गृहस्थाने दुसऱ्यास घरची गाडी विकली, तर ग्राहकास पुन्हा त्या जुन्या तत्त्वाशीच यावे लागते. १८७२च्या कराराच्या कायद्यात कपट म्हणजे काय हे सांगताना, केवळ मौन हे कपट नव्हे असे म्हटले आहे, आणि त्यास उदाहरण दिले आहे ते एका घोड्याचे. घोडा सदोष आहे हे मालकास माहीत आहे. तो लिलावात विकताना काही बोलत नाही. हे कपट नव्हे. परंतु त्याच कलमाखाली त्याच घोड्याची आणखी दोन उदाहरणे आहेत, ती आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. घेणारी मालकाची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर ते नातेच त्यास बोलावयास बांधते. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, आणि त्यावर मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच आहे. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात इतके सूक्ष्म नीतिशास्त्र क्वचितच सापडते.

ही वादाची जागा फार जुनी आहे. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात दोन स्टोइक पंडितांचा वाद दिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायद्याने सांगावयास लावले तेवढे दोष सांगावे, खोटे बोलू नये, बाकी आपला माल आपण विकतो आहोत. लपविणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसामाणसांत एक स्वाभाविक बंधुत्व आहे. शेजाऱ्याच्या हिताचे जे आपणांस कळले आहे, ते त्यापासून राखून ठेवणे हा त्या बंधुत्वाचा द्रोह होय. डायोजेनीस हसून विचारतो, मग ‘रोगट घर विकणे आहे’ अशी दवंडी पिटावी काय? सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला आहे. आमचे विद्यार्थी मात्र बहुधा गुरूच्या बाजूने देतात. ह्या मुलांचे वडील मानवतच्या बाजारात कापूस विकतात. बाजाराविषयी त्यांस सिसेरोहून कमी कळते असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी हा वाद निराळ्या बाजूने सोडविला. घेतल्या-विकल्याचा पश्चात्ताप हे त्यांनी व्यवहाराचे एक स्वतंत्र प्रकरणच मानले. मनूने दोन्ही पक्षांस दहा दिवसांची मुभा ठेविली. याज्ञवल्क्याने वस्तूपरत्वे परीक्षेचा काळ ठरवून दिला: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन, आणि ओझे वाहणाऱ्या किंवा ओढणाऱ्या जनावरास पाच दिवस. नारद उलट बजावतो की, घेणाऱ्याने आधीच गुणदोष पाहावे. स्वतः पारखून पसंत केलेला माल विकणाऱ्याकडे परत जात नाही. ह्यांतील व्यवहारज्ञान मोठे आहे. विकणाऱ्याचे अंतःकरण तपासण्याच्या भानगडीत न पडता ते घेणाऱ्यास वेळ देतात. बसका बैल पाच दिवसांत एकदा तरी बसेलच! जुन्या मोटारीस असे पाच दिवस, आणि त्यांत एक पावसाचा, कोणी देत नाही. (खुद्द पाथरीचाही एकदा सौदा निघाला होता: अहमदनगरच्या निजामशाहांचे पूर्वज येथील, म्हणून बुऱ्हाण निजामशहाने दुसऱ्या मुलखाच्या मोबदल्यात हे गाव वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितले, आणि नकार मिळताच १५१८ साली लढून घेतले. सौदा मोडला खरा, परंतु मालाविषयी उभय पक्षांस सारखेच ठाऊक होते.)

पुण्याहून परतताना भाचा बरोबर नव्हता. बसमध्ये आम्ही हा सर्व ऊहापोह मनाशी करीत होतो, आणि तो करण्याचे खरे कारण कोथरूडचे गृहस्थ नव्हते, हे आता सांगितले पाहिजे.

त्याआधी वर्षभर आम्ही आमची स्वतःची मोटार विकली होती. साधी, चार दारांची, अकरा वर्षे वापरलेली. एका पावसाळ्यात रात्रीच्या वेळी ओढ्याच्या पाण्यातून ती नेण्याचा अविचार आमच्या हातून घडला. इंजिनाने पाणी ओढले आणि आतला एक दांडा वाकला. इंजिन उघडून दुरुस्त केले, परंतु तेव्हापासून ते ऑइल पिऊ लागले. दरमहा भर घालावी लागे. मिस्त्री म्हणाला होता, “सर, चालेल तोवर चालेल.” पुढे ती जवळच्या एका खेड्यातील प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी घेतली. त्यांनी बॉनेट उघडले नाही, चटई उचलली नाही. मिस्त्री बरोबर आणा असे आम्ही एकदा सुचविले, त्यावर ते म्हणाले, “सर, गाडी तुमची आहे म्हटल्यावर बघायचं काय?” आम्ही हसलो. नमुना २९ आणि नमुना ३० वर सह्या झाल्या. ठरल्या रकमेतून आम्ही आपण होऊन दहा हजार कमी केले. ते कशाबद्दल हे आम्हांस ठाऊक होते. गुरुजींनी ते औदार्य समजून आभार मानले.

वर्गात आम्ही शिकवितो त्या उदाहरणात ह्याहून अधिक तंतोतंत बसणारा प्रसंग आम्हांस रचून दाखविता आला नसता. गुरुजींनी घोड्याविषयीचा तो प्रश्न आपल्या शब्दांत विचारला होता आणि आमच्या मौनाने उत्तर दिले होते. तरीही वर्षभर आम्ही स्वतःस डायोजेनीसच्या बाजूने समजावीत आलो: आम्ही खोटे बोललो नाही, मिस्त्री आणावयास सांगितले, किंमत कमी केली, जुनी गाडी जुनीच असते. हा बचाव बराच टिकाऊ आहे. तो मोडला तो एका डब्याने. गुरुजी गाडी पाहावयास येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी, दरमहाची भर घालण्यास अजून आठवडा असताना, आम्ही ऑइलचा नवा डबा आणून कांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरले होते. न सांगणे आणि लपविणे ह्यांत भेद आहे हे आम्ही अजूनही मानतो. त्या भेदाच्या कोणत्या बाजूस आम्ही उभे होतो, एवढेच त्या डब्याने दाखविले.

आणखी एक गोष्ट ह्या प्रवासात ध्यानात आली. भाच्याच्या यादीत जी कलमे होती, ती सर्व अविश्वासाची कलमे होती, आणि तरी त्यास सत्य ऐकावयास मिळाले. गुरुजींकडे यादी नव्हती. नीतिग्रंथांतून विश्वास टाकणाऱ्याचे कौतुक फार असते, पण त्याचा भार ज्याच्यावर पडतो त्याच्याविषयी फारसे लिहिलेले नसते. ज्याने तपासून घेतले, त्याच्याशी आपण बरोबरीने उभे असतो. तो चुकला तर त्याचा डोळा चुकला. न तपासता जो घेतो, तो आपला डोळा आपल्याच हाती देऊन जातो. मग आपले दोष आपणच पाहावयाचे, आणि त्याच्या वतीने पाहावयाचे. हे काम किती अवघड आहे ते आम्हांस ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय पन्नाशी ओलांडलेल्या नीतिशास्त्राच्या अध्यापकास नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी आम्ही त्या खेड्यास गेलो. मोटार गुरुजींच्या अंगणात लिंबाखाली उभी होती. चहा झाला. आम्ही ओढ्यापासून डब्यापर्यंत सर्व सांगितले. मध्ये एकदोनदा इतर विषयांवर जाण्याचा मोह झाला, तो आवरला. गुरुजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, ते पहिल्याच दोन महिन्यांत कळलं. परभणीत इंजिन उतरवलं. मिस्त्रीनं सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा.”

“मग तुम्ही बोलला नाहीत,” आम्ही म्हणालो.

“तुम्हांला माहीत नसेल असं वाटलं.”

आम्ही दुरुस्तीचा खर्च विचारला. ते नको म्हणतील अशी आमची अपेक्षा होती, आणि खरे सांगावयाचे तर थोडी आशाही होती. गुरुजी उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता ठेवलेले मिस्त्रीचे बिल होते: अठरा हजार चारशे. आम्ही कमी केलेले दहा हजार त्यांनी स्वतःच वजा केले, उरलेले आठ हजार चारशे मोजून घेतले आणि त्याच बिलाच्या पाठीवर पावती लिहून दिली.